खर्च माझा, मान्यता मालकाची

पुण्यातल्या एखाद्या स्ट्रक्चरल डिझाइनच्या ऑफिसात शेजारी शेजारी बसणारे दोन इंजिनीअर डोळ्यांसमोर आणा. दोघांनाही वर्षाला १८ लाख रुपये मिळतात. एक पगारावर आहे, दुसरा दर महिन्याला बिल लावून कन्सल्टन्सीची फी घेतो. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या दरांनी, नव्या करप्रणालीत, म्हणजे कमी दर आणि जवळपास शून्य वजावटींच्या पर्यायात, पगारदाराला सेस (करावरचा उपकर) धरून १,५०,८०० रुपये आयकर बसतो. कन्सल्टंटला बसतो शून्य. दोघांनाही दुसरं कुठलं उत्पन्न नाही असं धरलंय, आणि दोघांपैकी कुणी एक रुपयाही लपवलेला नाही.

हे कसं होतं ते आधी बघू, कारण पगारदारांपैकी बहुतेकांना फॉर्म १६ मधला, म्हणजे मालकाकडून मिळणाऱ्या पगार-कराच्या वार्षिक दाखल्यातला, शेवटचा आकडा तेवढा माहीत असतो; वरची बेरीज-वजाबाकी अकाउंट्सवाल्यांची. पगारदाराच्या १८ लाखांतून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट, म्हणजे ज्याला सगळे स्टँडर्ड डिडक्शन म्हणतात ती, जाते. उरतात १७,२५,०००. पहिल्या ४ लाखांवर काही नाही, मग चार-चार लाखांच्या टप्प्यांना ५, १०, १५, २० टक्के असे चढते दर. कर होतो १,४५,०००, त्यावर ४ टक्के सेस. कन्सल्टंटचं गणित वेगळ्या वहीतलं. १९६१ च्या आयकर कायद्यात २०१६-१७ पासून कलम ४४एडीए आलं. इंजिनीअर, डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, सीए, इंटिरिअर डेकोरेटर अशा ठरावीक व्यावसायिकांची वर्षाची जमा ५० लाखांच्या आत असेल, किंवा रोखीचा वाटा ५ टक्क्यांच्या वर जात नसेल तर ७५ लाखांच्या आत, तर निम्मी रक्कम उत्पन्न धरायची आणि निम्मी खर्चात गेली असं समजायचं. खर्च खरोखर झाला का, हे कुणी विचारत नाही. पावत्या नकोत, हिशेबाच्या वह्या नकोत. १८ लाखांचे ९ लाख झाले, आणि १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर नव्या प्रणालीत रिबेट, म्हणजे करमाफी, मिळून कर उरतच नाही. फीमधून आधी कापलेला १० टक्के टीडीएससुद्धा विवरणपत्र भरलं की परत येतो. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा आयकर कायदा २०२५ ने घेतली आणि कलमांचे आकडे बदलले, पण ही सोय तिथेही आहे. मी पुढे जुनेच आकडे वापरतो, कारण तेच अजून लोकांच्या तोंडात आहेत.

कन्सल्टंटला पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, आजारी पडला तर भरपगारी रजा नाही, आणि काम एका ईमेलने संपू शकतं. त्याची सवलत काढून घ्या असं मला अजिबात म्हणायचं नाही. प्रश्न पहिल्या इंजिनीअरचा आहे. साइटवर जाताना तोही स्वतःचीच गाडी काढतो, त्याच्याही पायात सेफ्टी शूज असतात, रात्री घरी बसून ड्रॉइंग तपासताना वीज आणि इंटरनेट त्याच्याही घरचंच असतं. पण कायद्याच्या लेखी एकाच्या कामाला निम्मी कमाई खर्च होते आणि दुसऱ्याच्या कामाला, सगळं मिळून, ७५,००० रुपये. तेच ७५,००० बँकेत टेबलाशी बसणाऱ्या कारकुनाला, तेच रात्रपाळीच्या परिचारिकेला, आणि तेच कंपनीच्या पगारी मॅनेजिंग डायरेक्टरलाही.

आयकर कायदा उत्पन्नाचे पाच कप्पे करतो: पगार, घरभाडं, धंदा-व्यवसाय, भांडवली नफा आणि इतर. यातल्या प्रत्येक कप्प्यात कमावण्यासाठी लागणाऱ्या खर्चाला काही ना काही जागा आहे. धंद्याच्या कप्प्यात तर कलम ३७ चा ऐसपैस दरवाजाच आहे: पूर्णपणे धंद्यासाठी केलेला खर्च वजा करा. शेअर किंवा जमीन विकली तर विक्रीसाठी दिलेली दलाली वजा. आणि घरभाड्याचं बघा. घर भाड्याने दिलं असेल तर महापालिकेचा मालमत्ता कर वजा करून उरलेल्या भाड्याच्या सरळ ३० टक्के रक्कम दुरुस्ती-देखभालीच्या नावाने सुटते. वर्षभरात भिंतीला एक खिळासुद्धा ठोकला नसेल तरी सुटते. याला कमाल मर्यादा नाही, आणि नव्या करप्रणालीतही ती शाबूत आहे. वर्षाला १० लाख भाडं घेणाऱ्याला काहीही न करता ३ लाखांची वजावट आणि १० लाख पगार घेणाऱ्याला राबून ७५,००० ची. घरमालकाच्या भिंतींची झीज कायद्याला टक्केवारीत दिसते. माणसाची झीज, त्याची हत्यारं, त्याचे बूट, त्याची पुस्तकं या सगळ्यांसाठी एकच ठोक रक्कम.

यावर कुणी म्हणेल, पगारदाराच्या कामाचा खर्च मालक करतोच की. बरोबर आहे, आणि खरी गोम तिथेच आहे.

पगारदाराच्या कामाचा खर्च आपला कायदा ओळखत नाही असं नाही. ओळखतो, पण मालकाने ओळख पटवली तरच. मोबाइलचं बिल कंपनीने भरलं तर ती रक्कम तुमच्या पगारात धरली जात नाही. तेच बिल तुम्ही स्वतः भरलं, फोनवरची बोलणी सगळी ऑफिसची असली, तरी तो तुमचा खासगी खर्च. कंपनीने वापरायला लॅपटॉप दिला तर त्यावर कर नाही. शाळेने दिला नाही म्हणून शिक्षकाने हप्त्यांवर स्वतः घेतला, तर त्याची दखल कुठल्याच रकान्यात नाही. कामानिमित्त हिंडण्याचा भत्ता ऑफर लेटरमध्ये वेगळा लिहिलेला असेल तर प्रत्यक्ष खर्च झाला तेवढ्यापुरता करमुक्त. पत्रात ‘पेट्रोल पगारातच’ असं एक वाक्य असेल तर संपलं. पेट्रोल तेच, रस्ता तोच, काम तेच. फरक फक्त मालकाने पगाराची फोड कशी केली याचा.

याचा परिणाम असा, की हिंजवडीच्या मोठ्या आयटी कंपनीतल्या माणसाचं सीटीसी, म्हणजे कंपनीला त्याच्यापोटी पडणारा वर्षाचा एकूण खर्च, फोडायला एचआरमध्ये दोन माणसं बसलेली असतात आणि ती फोडताना करतज्ज्ञाचा सल्ला घेतलेला असतो. फोन रीइम्बर्समेंट, कंपनीच्या नावाने भाडेकरारावर घेतलेली गाडी, हिंडण्याचा भत्ता, सगळं जागच्या जागी. नामांकित औषध कंपनीच्या एमआरला, म्हणजे फिरत्या प्रतिनिधीला, किलोमीटरमागे पैसे, बाहेरगावी मुक्काम असेल तर दैनिक भत्ता, आणि दोन्ही कराबाहेर. पण अनुदानित ज्युनिअर कॉलेजातला शिक्षक, ट्रस्टच्या हॉस्पिटलातली वरिष्ठ परिचारिका, सहकारी बँकेचा वसुली अधिकारी, जिल्ह्याच्या ठिकाणच्या बांधकाम फर्मचा साइट इंजिनीअर यांच्या पे स्लिपमध्ये मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता आणि कपाती. यांचा मालक वाईट असतो असं नाही. त्याला ही फोड करून देण्याचं काही कारण नसतं, आणि सरकारी वेतनश्रेणी असेल तर अधिकारही नसतो. ज्याचा मालक हुशार त्याचा खर्च खरा, ज्याचा मालक साधा त्याचा खर्च खोटा, अशी ही व्यवस्था आहे.

आता १२ लाखांपर्यंत कर नाही, पगारदाराला तर ७५,००० धरून १२.७५ लाखांपर्यंत नाही, मग ही रडकथा कशाला, असा प्रश्न येणारच. तो रास्त आहे. सलूनमध्ये स्वतःची कात्री-मशीन घेऊन येणारा कारागीर, गॅरेजमध्ये स्वतःचा पान्यांचा सेट बाळगणारा मेकॅनिक, महिना २५,००० वर फिरणारा सेल्समन यांना आयकर लागतच नाही, त्यामुळे त्यांच्या वजावटीचा प्रश्नही उद्भवत नाही. मी इथे गरिबांच्या नावाने मध्यमवर्गाची मागणी पुढे रेटत नाहीये. पण कर जिथे सुरू होतो तिथलं गणित बघा. एखाद्या वरिष्ठ शिक्षकाचा वर्षाचा पगार १३ लाख आहे. प्रमाणित वजावट जाऊन उरले १२,२५,०००. दरांनी कर होतो ६३,७५०, पण १२ लाखांची रेषा नुकती ओलांडणाऱ्यांसाठी सवलत आहे: १२ लाखांच्या वर जेवढं उत्पन्न, त्यापेक्षा जास्त कर घ्यायचा नाही. म्हणजे २५,००० कर. वरचे २५,००० मिळाले आणि सगळे गेले. ४ टक्के सेस वेगळा. करपात्र उत्पन्न साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत पोचेतो हा प्रकार चालतो. या पट्ट्यात वाढीव रुपयावरचा कर शंभर टक्के आहे.

या शिक्षकाने वर्षभरात संदर्भपुस्तकं, प्रिंटरची शाई, कागद, मोबाइलचा डेटा, प्रयोगासाठीचं साहित्य यांवर २५,००० रुपये घातले असतील, आणि ज्यांनी ज्युनिअर कॉलेजात शिकवलंय त्यांना हा आकडा फुगवलेला वाटणार नाही, तर तेवढा खर्च मान्य झाला असता तर त्याचा कर शून्य झाला असता. मान्य न होण्याचं पहिलं कारण: तो त्याच्या संस्थेने ‘भत्ता’ म्हणून दिलेला नाही. शिवाय आता नव्या प्रणालीत संस्थेने दिला असता तरी फरक पडला नसता. जुन्या प्रणालीत गणवेश भत्ता, मदतनीस भत्ता आणि शैक्षणिक संशोधनाचा भत्ता प्रत्यक्ष खर्चाइतके करमुक्त होते. नव्या प्रणालीत दौरा-बदलीचा प्रवास, बाहेरगावचा दैनिक खर्च आणि कामासाठी हिंडणं एवढेच उरले. म्हणजे कायद्याला हिंडणं हे काम वाटतं, वाचणं वाटत नाही.

पूर्वी वाटायचं. १९६१ चा कायदा झाला तेव्हा त्याच्या कलम १६ मध्ये पगारदाराला कामासाठी लागणाऱ्या पुस्तकांचा खर्च ५०० रुपयांपर्यंत वजा करता येत असे. कामासाठी स्वतःचं वाहन ठेवलं असेल तर त्याच्या देखभालीपोटी वजावट होती. आणि नोकरीच्या अटींनुसार पगारातूनच करावा लागणारा जो खर्च पूर्णतः, अपरिहार्यपणे आणि केवळ कामासाठी झाला असेल, तोही वजा होत असे. ५०० रुपये ही त्या काळी कमी रक्कम नव्हती. ही सगळी वेगवेगळी कलमं १९७४ च्या अर्थसंकल्पाने गुंडाळली आणि त्यांच्या जागी एकच प्रमाणित वजावट आणली: पगाराच्या पहिल्या १०,००० रुपयांवर २० टक्के, पुढच्या रकमेवर १० टक्के, कमाल ३,५००. अर्थमंत्री होते यशवंतराव चव्हाण. सुधारणा सुटसुटीतपणाची होती आणि तिच्यात शहाणपण होतं. साहेबाच्या टेबलावर पुस्तकांच्या आणि स्कूटरच्या पावत्या पडून राहण्यापेक्षा एक ठोक आकडा बरा. निदान तेव्हा तो आकडा पगाराच्या प्रमाणात तरी होता.

पुढे या वजावटीचे हाल झाले. तिचा आकडा वाढत गेला, आणि मग २००५ च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी ती काढूनच टाकली. त्यानंतर तेरा वर्षं पगारदाराला कामाच्या खर्चापोटी ठोक काहीच नव्हतं. महिना ८०० आणि नंतर १,६०० रुपयांचा प्रवासभत्ता आणि वर्षाला १५,००० पर्यंतची औषधांची बिलं यांवर भागवायचं. मार्च-एप्रिलच्या सुमारास मेडिकल दुकानातून जुन्या तारखांची बिलं गोळा करण्याचा जो वार्षिक सोहळा नोकरदारांच्या घरोघरी चाले, तो त्या काळातला. २०१८ मध्ये अरुण जेटलींनी ४०,००० ची प्रमाणित वजावट परत आणली, पण प्रवासभत्त्याची १९,२०० आणि औषधांची १५,००० ही सूट त्याच हाताने काढून घेतली. निव्वळ फायदा ५,८०० रुपयांचा, आणि त्याच वर्षी सेस ३ टक्क्यांवरून ४ वर गेला. मग ५०,०००, मग २०२४ च्या जुलैत नव्या प्रणालीपुरती ७५,०००. जुन्या प्रणालीत अजून ५०,०००. या सगळ्या प्रवासात कलम १६ मधून शिक्षकाची पुस्तकं गेली ती गेली. सरकारी नोकरांच्या करमणूक भत्त्याची वजावट मात्र त्याच कलमात वर्षानुवर्षं टिकून राहिली. कायदे करणाऱ्यांना विनोदबुद्धी नसते असं कोण म्हणतं?

जाता जाता व्यवसाय कराबद्दल. पे स्लिपवर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० असे वर्षाला २,५०० रुपये कापले जातात तो हा राज्याचा कर. महाराष्ट्राने तो १९७५ मध्ये आणला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. शहरातल्या पगारदाराने दुष्काळी भागातल्या मजुराच्या कामाला हातभार लावायचा, हा विचार या योजनेचे जनक वि. स. पागे यांच्या काळाला शोभणारा होता आणि त्याबद्दल कुणी कुरकुर करू नये. पण राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ खाली घेतलेला हा कर नोकरी करण्यावरचाच कर आहे. तो भरल्याशिवाय पगार हातात पडत नाही. जुन्या प्रणालीत तो करपात्र पगारातून वजा होतो. नव्या प्रणालीत नाही. रक्कम किरकोळ आहे, पण राज्य सरकारने कापून नेलेले २,५०० रुपये हे तुमचं उत्पन्न आहे असं केंद्र सरकारने म्हणणं, हे जरा जास्तच झालं.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात जोरदार मुद्दा. पावत्यांवर वजावट दिली की पावत्या छापल्या जातात. हा संशय हवेतला नाही. नात्यातल्या माणसाच्या नावाने भाड्याच्या पावत्या, कागदावरच्या राजकीय पक्षांना देणग्या दाखवून मिळवलेले परतावे, टक्क्यावर ‘रिफंड काढून देणारे’ एजंट, हे सगळं आपण पाहिलंय. २०२५ च्या जुलैत आयकर विभागाने बनावट वजावटी भरून देणाऱ्या दलालांवर देशात ठिकठिकाणी छापे घातले, आणि त्यांच्या गिऱ्हाइकांत मोठ्या कंपन्यांचे आणि सरकारी खात्यांचे कर्मचारीही होते. नवी करप्रणाली कमी दर आणि जवळपास शून्य वजावटी या तत्त्वावर उभी राहिली ती या अनुभवातूनच. कर भरणाऱ्याला सीए लागू नये, हा तिचा हेतू मला मान्य आहे. अमेरिकेनेही २०१७ च्या कायद्याने नोकरदारांच्या स्वतःच्या खिशातून झालेल्या खर्चाची वजावट २०१८ पासून थांबवली आणि २०२५ मध्ये ती कायमची बंद केली. त्यांनीही मोठी ठोक वजावट देऊन हिशेब मिटवला. पण एक गोष्ट त्यांनी ठेवली: शाळेतल्या शिक्षकाने वर्गासाठी स्वतःच्या पैशाने घेतलेल्या साहित्याची ३०० डॉलरपर्यंतची वजावट.

ऑस्ट्रेलियाचा रस्ता याच्या उलट. तिथलं करखातं पेशागणिक मार्गदर्शिका काढतं. परिचारिका, ट्रकचालक, शिक्षक, सुतार, प्रत्येकाला काय वजा करता येतं आणि काय नाही याची स्वतंत्र यादी. दावे ३०० डॉलरच्या वर गेले की लेखी पुरावे लागतात. जर्मनीत १,२३० युरोची ठोक वजावट सगळ्यांना आणि ज्याचा खरा खर्च जास्त असेल त्याने तो दाखवून जास्त मागायचा. हे दोन्ही मार्ग न्याय्य आहेत, पण आपल्याकडे आणले तर दोन वर्षांत प्रत्येक तालुक्याच्या गावी सेफ्टी शूजची बिलं विकणारं दुकान निघेल. मला त्यांच्यापेक्षा ब्रिटनची पद्धत आपल्याला लागू पडेल असं वाटतं. तिथे पेशागणिक ठोक रकमा ठरवलेल्या आहेत. परिचारिकेला गणवेश धुण्या-सांभाळण्यापोटी वर्षाला १२५ पौंड, गणवेशातल्या पोलिसाला १४०, प्रवासी विमानाच्या वैमानिकाला १,०२२. पावती मागायची नाही. तुम्ही कोण, काय काम करता, हा एकच प्रश्न. मालकाने तो खर्च आधीच भरून दिला असेल तर मागता येत नाही. रकमा फार मोठ्या नाहीत, पण मागणी कामगाराने करायची आहे आणि ती मालकाच्या मर्जीवर नाही.

पेशानुसार ठोक रक्कम ही कल्पना आपल्याला परकी आहे असंही नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रत्यक्ष कर मंडळाने आयुर्विमा एजंटांसाठी परिपत्रक काढलं होतं: वर्षाचं कमिशन ६०,००० च्या आत असेल तर हिशेब न ठेवता पहिल्या वर्षाच्या कमिशनचे ५० टक्के आणि नूतनीकरणाच्या कमिशनचे १५ टक्के खर्च धरायचा, कमाल २०,०००. घरोघर हिंडून पॉलिसी विकणाऱ्याला पहिल्या वर्षी चपला झिजवाव्या लागतात, पुढे नुसते हप्ते येत राहतात, हे ज्याने कुणी टक्के ठरवले त्याला नेमकं ठाऊक होतं. महागाईने त्या रकमेचा अर्थ घालवला, ही वेगळी गोष्ट. १९६१ च्या कायद्याखालच्या नियमांत वाहतुकीच्या गाडीवर ड्यूटी करणाऱ्यांच्या भत्त्याचे ७० टक्के, महिना १०,००० पर्यंत, करमुक्त होते. बल्लारपूर-वणीकडच्या कोळसा खाणीत जमिनीखाली उतरणाऱ्याला महिना ८०० रुपयांचा भूमिगत भत्ता करमुक्त होता. यात ते पेशे ओळखले गेले होते. नव्या प्रणालीने हे सगळं एका फटक्यात पुसलं, आणि भत्त्यांच्या जंजाळाबरोबर पेशाची ओळखही गेली.

व्यावसायिकांच्या बाजूला मात्र पेशा अजून मोजला जातो, आणि तिथे यादीत नाव असणं किती मोलाचं आहे ते बघा. ४४एडीए च्या यादीत ‘चित्रपट कलावंत’ आहेत: नट, दिग्दर्शक, संगीत दिग्दर्शक, गायक, गीतकार, संवादलेखक, संकलक, वेशभूषाकार. व्याख्या चित्रपटाच्या निर्मितीशी बांधलेली आहे. म्हणजे सिनेमात काम करणाऱ्या नटाच्या निम्म्या कमाईला खर्च समजायचं. पण रत्नागिरी-कोल्हापूर-नागपूर असे दौरे करणारा, प्रयोगामागे नाइट घेणारा नाटकाचा नट त्या व्याख्येत बसत नाही. नाटकाला खर्च कमी येतो असं यादी करणाऱ्याला वाटलं असेल असं नाही. त्याच्या डोळ्यांसमोर नाटक नव्हतंच, एवढंच. मराठी माणसाला हे जास्त बोचायला हवं.

डिलिव्हरी करणाऱ्या मुलांचा उल्लेख इथे करायलाच हवा, जरी त्यांची अडचण वेगळी असली. ते नोकर नाहीत, म्हणून प्रमाणित वजावट नाही. कायद्याच्या लेखी ते धंदेवाईक, आणि बँकेत जमा होणाऱ्या रकमेच्या ६ टक्के उत्पन्न दाखवून मोकळं होण्याची सोय त्यांना छोट्या धंद्यांसाठीच्या कलम ४४एडी खाली मिळू शकते. कर शून्यच. पण कापलेला टीडीएस परत मिळवायला ‘सुगम’ फॉर्म भरावा लागतो, आणि १ टक्का कापून गेलेले दोन-तीन हजार रुपये आणायला फॉर्म भरून देणाऱ्याला पाचशे-हजार द्यावे लागत असतील तर बरेच जण त्या वाटेला जातच नाहीत. पेट्रोल, गाडीचा हप्ता, टायर, फोन, रेनकोट, सगळा खर्च त्यांचाच असतो, आणि सरकारला तो ६ टक्क्यांच्या गणितात दिसलेलाही असतो. मग एवढ्या कमी उत्पन्नाच्या माणसाकडून टीडीएस कापायचाच कशाला?

माझी मागणी मोठी नाही. ७५,००० ची सरसकट वजावट जशी आहे तशी राहू द्या. ती सोपी आहे आणि बहुसंख्यांना पुरते. तिच्यावर पेशानुसार एक ठोक रक्कम द्या. साइटवर काम करणाऱ्या इंजिनीअरला वेगळी, परिचारिकेला वेगळी, शिक्षकाला वेगळी, हिंडत विक्री करणाऱ्याला वेगळी. पावती नको. ज्याला मालकाकडून तोच खर्च करमुक्त मिळतो त्याला ती मिळू नये. फॉर्म १६ वरून हे कळतंच. घर ते ऑफिस हा प्रवास मी यात धरणार नाही. विरारहून चर्चगेटला उभ्याने जाणाऱ्याचा राग ओढवून घेऊन सांगतो, राहायचं कुठे हा प्रश्न घरांच्या किमतींचा आहे, तो आयकरातून सुटणार नाही. रकमा ठरवताना प्रत्येक संघटना आपलाच आकडा वर ओढेल, हा आक्षेप खरा आहे. ओढू दे. व्यावसायिकांच्या यादीत कोण बसलं आणि कोण राहिलं हेही कुणीतरी कधीतरी ओढूनच ठरलेलं आहे. इथे निदान ती ओढाताण उघड्यावर होईल आणि दर चार-पाच वर्षांनी आकडे महागाईप्रमाणे तपासता येतील.

यासाठी लागणारी जागा फॉर्मवर आधीपासूनच आहे. आजवर पगारदार भरत आले त्या ‘सहज’ फॉर्ममध्ये पगाराखाली वजावटीच्या तीन ओळी असतात: प्रमाणित वजावट, करमणूक भत्ता, व्यवसाय कर. नव्या प्रणालीत खालच्या दोन रिकाम्याच राहतात. आणि वर, नाव-पत्त्याजवळ, नोकरीच्या स्वरूपाचा रकाना असतो: केंद्र सरकार, राज्य सरकार, सार्वजनिक उपक्रम, निवृत्तिवेतनधारक, इतर. तुमचा मालक कोण हे तो विचारतो. तुम्ही काय काम करता हे विचारत नाही. धंदा-व्यवसायाचं विवरणपत्र भरणाऱ्याला मात्र आपल्या कामाचा सांकेतिक क्रमांक त्यात टाकावाच लागतो. दर हिवाळ्यात अर्थसंकल्पाआधी कर्मचारी संघटना दिल्लीला निवेदनं पाठवतात आणि त्यात प्रमाणित वजावट एक लाख करा, दीड लाख करा अशी मागणी असते. शिक्षकांच्या, परिचारिकांच्या, बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी यंदा त्याऐवजी तोच क्रमांक ‘सहज’मध्ये मागावा, आणि सोबत आपापल्या पेशाच्या खर्चाची खरी यादी जोडावी.